सुनंदाचं राहिलेलं चौथं सेशन

माझी बहीण काविळीने गेली, असं मी वर्षभर सगळ्यांना सांगत आलो.

खोटं आहे ते. सुनंदाने जीव दिला.

आज वर्ष झालं. सकाळी वर्षश्राद्ध उरकलं, लोक जेवून गेले. जाताना दोघा-तिघांनी कावीळ किती वाईट यावर मला भाषण दिलं. मी मान डोलावत उभा. आता नाही जमत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. सुनंदा माझ्याहून सहा वर्षांनी लहान. लग्नानंतर तीन वर्षांनी एक दिवस बॅग घेऊन पांढरकवड्याला, माहेरी परत आली. का आली ते सांगितलं नाही. घरी ब्लाऊज शिवायची. दोन वर्षांत आधी जेवण कमी झालं, मग झोप, मग बोलणं.

आई म्हणाली, "केळापूरच्या देवीपाशी नेऊन आण तिले."

"आई, जमाना कुठे चालला! यवतमाळले काउन्सेलर मॅडम आहे, तिकडे नेतो."

फार शहाणा मी. मोबाईलचं दुकान आहे ना माझं, जगाची खबर ठेवतो.

आपल्याकडे डॉक्टरकडे एकटं कोण जातं? पेशंट एक, सोबत चार, आणि सगळे केबिनमध्ये. तसे मी आणि आई सुनंदाच्या मागोमाग आत घुसलो.

मॅडमनी तिला विचारलं, "कसं वाटतं तुम्हाला?"

मी सांगितलं, "झोप नाही येत तिले."

"आणि दिवसभर?"

"चिडचिड करून राह्यते."

चिडचिड ती करत नव्हती. मी करत होतो.

"दादा, त्यांना बोलू द्या ना."

"बोलतच नाही, मॅडम. म्हणून तर आणलं तुमच्यापाशी!"

मग त्यांनी आम्हाला बाहेर काढलं. पण आधी नीट समजावलं. ते इथे लिहितो, कुणाच्या घरी असं कुणी असेल तर उपयोगी पडेल.

पहिल्या काही वेळा फरक दिसणार नाही. माणूस घरी येऊन उलट जास्त रडेल, घाबरायचं नाही. बोलणं जमत नसेल तर चित्र काढायला देतात, ते चांगलं यायची गरज नसते. आत काय झालं ते त्या माणसाने स्वतःहून सांगितलं तरच ऐकायचं. जिवाची भीती वाटली तर मॅडम स्वतः घरच्यांना कळवतील. एरवी खोदून विचारायचं नाही.

मी "हो हो मॅडम" म्हणालो.

आणि एसटीत बसल्या बसल्या विचारलं, "काय म्हने?"

"काही नाही, भाऊ."

"पाऊण तास काही नाही? मंग मी दुकान कायले बंद ठेवलं?"

दुसऱ्या वेळी ती रडून बाहेर आली. आई हबकली. "औषध नाही, गोळी नाही, पोरीले रडवून कायले राह्यली ही बाई?"

तिसऱ्या वेळी तिच्या हातात कागद होता. मॅडमनी खडू दिले होते, तिने एक घर काढलं होतं, आत सगळं काळं.

परतीच्या एसटीत ती आपणहून बोलली. मी तर बघतच राहिलो.

"भाऊ, पुढच्या बुधवारी मी एकटीच जाईन. मले रस्ता समजला."

मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

घरी पोचलो. ती हातपाय धुवायला गेली, तेवढ्यात मी त्या चित्राचा फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "सुनंदाची कला. आता सुधारत आहे. सर्वांनी आशीर्वाद द्यावा."

पन्नासेक जणांचा ग्रुप. त्यात तिच्या सासरचे दोघं अजून होते, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

अंगठे आले. जोडलेले हात आले. मामाने लिहिलं, "छान. पण हे काळं कायचं?"

तिच्या नणंदेने लिहिलं, "आमचंच घर काढलं वाटते." आणि पुढे हसणारा चेहरा.

सुनंदा मशीनपाशी बसून मोबाईल बघत होती.

"भाऊ, हे काहून टाकलं?"

"अवं, कौतुकानं टाकलं."

तिने मोबाईल उलटा ठेवला आणि मशीन चालवायला लागली. ओरडली असती, मोबाईल फेकून मारला असता तर बरं झालं असतं.

बुधवारी ती तयार झाली नाही. त्याच्या पुढच्या बुधवारीही नाही. मॅडमचा फोन दोनदा आला. "त्यांना आणा दादा, मध्येच थांबवू नका. मला काळजी वाटते. एकटं सोडू नका त्यांना." मी म्हणालो, "मन झालं की आणतो, मॅडम." आई तिला केळापूरला नेऊन आली. मी दुकानात गेलो.

तीन आठवड्यांनी सुनंदा गेली.

तेरवी झाल्यावर मी यवतमाळला गेलो. केबिनमध्ये एकटाच. ग्रुपवर चित्राचा फोटो टाकल्याचं सांगून टाकलं.

"मॅडम, आता त सांगा. सासरी काय झालतं तिच्यासंग? मी भाऊ आहो तिचा."

मॅडमचे डोळे भरले होते. म्हणाल्या, "एका फोटोमुळे कुणी जीव देत नाही, दादा. एवढंच मी सांगू शकते. बाकी तिचं आहे, ते माझ्याजवळ राहील."

मी भांडलो. टेबलावर हात आपटला. माणूसच गेलं, आता कुणापासून लपवता, म्हणालो.

त्यांनी पाण्याचा ग्लास माझ्यापुढे सरकवला.

मग म्हणाल्या, "पहिल्या दिवशी तुम्ही बाहेर गेल्यावर तिने मला एकच विचारलं होतं. भावाला सांगणार नाही ना?"

मी उठून आलो. एसटी स्टँडवर दोन गाड्या सोडल्या, चढवलंच नाही.

ती मलाच भीत होती की मला त्रास होईल म्हणून म्हणाली, हेही आता कळायचं नाही.

सुनंदा, माझा नमस्कार घे.

आता तुला कुणी काही विचारणार नाही.