मामांचा अंगठा

त्या कारखान्यात दवाखान्यांसाठी बाकं बनत, आणि बाक पास व्हायचं ते मामांच्या अंगठ्याने. कारखान्यात सगळेच त्यांना मामा म्हणत; खरे मामा ते फक्त फोरमनचे.

बाकाच्या फळीला जो स्क्रू लावतात, त्याचं डोकं वरून चपटं आणि खालून निमुळतं असतं. काउंटरसंक म्हणतात त्याला. आधी लाकडात त्याच उताराची खळी पाडायची, मग स्क्रू आत उतरतो आणि डोकं फळीशी सपाट बसतं. खळी उथळ राहिली की डोकं वर राहतं. बिजागरीत असं झालं तर दार नीट लागत नाही, एवढंच. बाकावर मात्र माणूस बसतो.

म्हणून मामा प्रत्येक डोक्यावरून अंगठा फिरवायचे. चष्मा लावून तपासणं त्यांना कमीपणाचं वाटे. अंगठा अडकला की कारागिराची अक्कल काढायचे, तीही चारचौघांत. एका जुन्या मिस्त्रीला त्यांनी सबंध दुपार स्वतःच्या उथळ खळ्या मोठमोठ्याने मोजायला लावल्या होत्या. मिस्त्री दुसऱ्या दिवसापासून आलाच नाही. मामांनी त्याची आठवणही काढली नाही. भाच्यालाही त्यांनी असंच रडवून शिकवलं आणि तो फोरमन झाल्यावर "माझ्या हाताखाली घडला" म्हणून मिरवलं.

मग साखरेच्या दुखण्याने मामांची बोटं बधिर झाली. एकदा त्यांनी शेगडीवरचं तापलेलं पातेलं उघड्या हातांनी उतरवलं आणि खुशाल धरून उभे राहिले. कातडी भाजल्याचा वास मामींना आला, त्यांना काहीच कळलं नाही.

"कामावर सांगून टाका हो," मामी म्हणाल्या.

"जीभ आवर. अंगठा गेला म्हटल्यावर मला तिथे कुत्रं तरी विचारेल का?"

यात खोटं काही नव्हतं. ना मूलबाळ, ना मित्र. तो अंगठा सोडला तर मामांकडे दाखवण्यासारखं काय होतं? तेव्हापासून ते नुसता अंगठा फिरवायचे आणि रुबाब करायचे. कारागीर धाकानेच खळ्या नीट पाडत, म्हणून चार महिने निभावलं.

एका सकाळी भाच्याने सगळ्यांना हातातलं काम टाकून बोलावलं. मधोमध एकच बाक ठेवलं होतं.

"मामा, जरा बघून घ्या. गिऱ्हाईक यायचंय."

मामा वाकले आणि नेहमीपेक्षा सावकाश अंगठा फिरवत शेवटच्या स्क्रूपर्यंत गेले. चौथ्या स्क्रूचं डोकं चांगलंच वर होतं. जोर लावून आवळल्याने त्याची खाच फाटून धार निघाली होती. हे सगळ्यांना दिसत होतं. मामांचा चष्मा खिशात होता.

"पास," मामा म्हणाले.

चौथ्या स्क्रूपासून पुढे फळीवर रक्ताची रेघ ओढली गेली होती. ती मामांनी सगळ्यांच्या शेवटी पाहिली.

पॉलिशवाला फिसकन हसला, मग बाकीचेही हसले. भाचा हसला नाही. त्याने फडकं पुढे केलं. मामांना वाटलं, अंगठ्याला बांधायला.

"फळी पुसा," भाचा म्हणाला. "लाकडाला डाग धरेल. आणि उद्यापासून येऊ नका."

मामांनी गुडघे टेकून फळी पुसली.

घरी पट्टी बांधताना मामींनी भाच्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मग त्या पट्टी बांधायच्या थांबल्या.

"परवा मीच गेले होते हो त्याच्याकडे. म्हटलं, मामांच्या बोटांत जीव नाही राहिला, बसून करायचं काही दे. किती गोड बोलला मेला! म्हणाला, मामी, तू काळजी करू नकोस, मी बघतो."

मामांनी खाली पाहिलं. तिने आपला हात दोन्ही हातांत घट्ट धरलाय, हे त्यांना तेव्हा कळलं.

"आणखी कुणाचं भलं करायचं राहिलंय का तुझ्या हातून?" ते म्हणाले आणि हात सोडवून आत गेले.

पुढे नऊ वर्षं मामी त्यांच्या अंघोळीच्या पाण्यात आधी स्वतःचा हात घालून पाहत राहिल्या. त्या नऊ वर्षांत मामा त्यांच्याशी एक शब्दही बोलले नाहीत.