अव्याच्या सायकलचा ब्रेक

वहिनींचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. "भावजी, खाली या. हे उठत नाहीयेत..." एवढंच त्या म्हणाल्या. आमच्या मुलुंडच्या सोसायटीत अविनाश दुसऱ्या मजल्यावर, मी चौथ्या. गालावरचा साबण तसाच ठेवून मी जिने उतरलो. अव्या खुर्चीत होता, मांडीवर पेपर, शेजारी अर्धा प्यालेला चहा. हार्ट अटॅक, डॉक्टर म्हणाले. त्याला आता दीड महिना होईल. कॉलेजपासूनचा हा माझा मित्र, आणि इतका भांडकुदळ माणूस मी दुसरा पाहिला नाही. तो रिक्षावाल्याशी भांडायचा, सोसायटीच्या सेक्रेटरीशी भांडायचा, टीव्हीवरच्या बातम्यांशी भांडायचा, आणि सगळ्यात जास्त सुनंदावहिनींशी. त्यांच्या घरातून आवाज आला नाही की मलाच काळजी वाटायची.

मध्यंतरी त्याच्या हृदयात स्टेंट बसवला होता. व्यायाम हळूहळू वाढवा, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्यातलं 'वाढवा' अव्याने ऐकलं आणि 'हळूहळू' वहिनींनी. निवृत्त झाल्यावर या गृहस्थाने कुणाला न विचारता डोंगरात चालवायची सायकल मागवली, जाड टायरची, डिस्क ब्रेकवाली. ठाण्याजवळच्या येऊरच्या डोंगराचा चढ चढायचा, असं जाहीरही करून टाकलं. वहिनींना हे मुळीच पटलं नव्हतं, ते मला ठाऊक होतं. पण खोक्यातून काढून जोडलेल्या त्या कोऱ्या सायकलचं पुढचं चाक फिरवलं की खस... खस... आवाज यायचा. चाकाबरोबर फिरणारी डिस्क, म्हणजे धातूची चकती, एका बाजूने ब्रेकला घासत होती. घासणारी सायकल घेऊन चढाला जाणं अव्याच्या तत्त्वात बसत नव्हतं. आधी ब्रेक, मग येऊर.

उपाय तसा सोपा. डिस्कला दोन्ही बाजूंनी पकडणाऱ्या कॅलिपरचे बोल्ट सैल करायचे, हँडलवरची लिव्हर करकचून दाबायची म्हणजे कॅलिपर आपोआप मधोमध बसतो, आणि लिव्हर दाबलेली असतानाच बोल्ट आवळायचे. मध्येच सोडली की तो सरकतो आणि घासणं पुन्हा सुरू. अव्या पार्किंगमध्ये उकिडवा बसून बोल्ट आवळायचा, वहिनी लिव्हर धरायच्या, मी सायकल. दर रविवारी हाच कार्यक्रम. चाक फिरवायचं, तिघांनी कानात प्राण आणून ऐकायचं, आणि पुन्हा खस... एका रविवारी माझी नजर वहिनींच्या हातावर गेली. अव्या शेवटचा पीळ देत असतानाच त्यांनी बोटं अलगद सैल केली. मी वर पाहिलं तर त्या माझ्याकडेच बघत होत्या, आणि त्या नजरेत विनंती नव्हती, सरळ धाक होता. मी मान खाली घालून सायकल घट्ट धरली. हे अव्याला कळलं तर तो घर डोक्यावर घेईल, याची मला खात्री होती.

मग एका सकाळी वहिनी धावत वर आल्या. हे घरात नाहीत, सायकल जागेवर नाही, मोबाइल टेबलावरच आहे... आम्ही जवळजवळ पडतच खाली पोचलो. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. येऊरला जायला रिक्षा मिळते का पाहायला मी फाटकाकडे निघालो, तेवढ्यात बिल्डिंगच्या मागून ऐकू आलं, खस... खस... अव्या कंपाउंडमध्येच फेऱ्या मारत होता. वहिनी तिथल्या तिथे पायरीवर बसल्या. थोड्या वेळाने उठल्या, त्याला नको नको ते बोलल्या आणि घरी निघून गेल्या.

माझंही डोकं फिरलं होतं. एकदाची दुकानात ने, नाहीतर येत्या रविवारी लिव्हर मी धरतो, असं मी त्याला सुनावलं.

"नको. तिलाच धरू दे," अव्या म्हणाला. "बोटं सोडते ती. पहिल्याच रविवारी कळलं मला."

"मग बोलत का नाहीस?"

"बोललो तर तिला घट्ट धरावी लागेल ना रे. मग झोप लागेल का तिला?"

हे तिच्या कानावर जाता कामा नये, असंही त्याने बजावलं आणि माझ्याकडून तसा शब्द घेतला. येऊरचं नाव तो शेवटपर्यंत घेत राहिला, गेला मात्र कधीच नाही.

गेल्या आठवड्यात वहिनींनी मला पार्किंगमध्ये बोलावलं. चारकोपचा त्यांचा भाचा सायकल न्यायला येणार होता, त्याआधी ब्रेक नीट करायचा होता. मी बोल्ट सैल केले. लिव्हरवर हात ठेवून त्या तशाच उभ्या राहिल्या.

"भावजी, मी मुद्दाम सोडायचे. यांना कळलं होतं का?"

नाही म्हणावं तर नवऱ्याला फसवल्याचा सल त्यांना जन्मभर राहणार, हो म्हणावं तर त्याहून मोठं काहीतरी मी त्यांच्या पदरात टाकणार. आणि वर अव्याला दिलेला शब्द... शेवटी मी सगळं सांगितलं, त्याच्याच शब्दांत.

त्यांनी लिव्हरवरून अंगठा फिरवला. मग म्हणाल्या, "म्हणजे जायचं होतं यांना. माझ्यासाठी गेले नाहीत."

"हो," मी म्हणालो.

"आवळा तुम्ही," त्या म्हणाल्या आणि त्यांनी लिव्हर दाबली. मी दोन्ही बोल्ट आवळले, पाना खिशात टाकला, उभा राहिलो.

"झालं वहिनी, सोडा आता."

त्यांची बोटं सुटेनात.