पाचव्या महिन्यातली सोनोग्राफी

अन्याय माझ्या भाचीवर झाला. मंगळवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, जन्मून तिला एक मिनिटही झालं नव्हतं तेव्हा.

हे मी त्याच संध्याकाळी नाशिकच्या एका रुग्णालयात, नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाबाहेर बसून लिहिलं. माझ्या पिशवीत कायम आमच्या संघटनेची पत्रकं असतात, त्यातल्याच एकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर. मला शिकवलंच तसं आहे : आधी कोणावर, मग केव्हा, मग कोणी केला. रडगाणं शेवटी, जागा उरली तर. पहिली दोन उत्तरं लिहून झाली. तिसरंही माझ्याकडे तयार होतं. ताईचं बाळंतपण केलेल्या डॉक्टरचं नाव मी इतक्या जोरात लिहिलं की कागद फाटला.

कारण मी डोळ्यांनी पाहिलं होतं. आमचं गाव कळवणच्या बाजूचं. ताई, म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण, मनमाडला दिलेली. दुसऱ्या खेपेला ती माहेरी आली होती आणि कळवणच्याच एका छोट्या प्रसूतिगृहात बाळंत झाली. मी आणि आई दाराशी उभ्या होतो. बाळ बारीकसं कण्हलं आणि निळं पडलं. पोट पार खपाटीला गेलेलं, छाती मात्र फुगलेली. नर्सने तोंडावर मास्क धरून रबरी फुगा दाबायला घेतला. डॉक्टर म्हणाले, “दाबा, दाबत राहा.” ती दाबत राहिली आणि बाळ आणखी निळं होत गेलं. शेवटी डॉक्टरांनी घशात नळी घातली, चिठ्ठीवर ‘श्वासाचा त्रास’ एवढं लिहिलं आणि म्हणाले, “नाशिकला न्या. आत्ताच्या आत्ता.” अँब्युलन्समध्ये मागे बाळाजवळ नर्स बसली, पुढे ड्रायव्हरशेजारी मी. ताई तिथेच राहिली, तिचे टाके अजून व्हायचे होते.

नाशिकात शिरलो आणि द्वारका चौकातल्या गर्दीत अडकलो. मी खिडकीतून मान काढून ट्रकवाल्यांना शिव्या घालत होते. ड्रायव्हर शांतपणे म्हणाला, “ताई, तुम्ही मोर्चात असता का?”

“हो. का?”

“नाय, आवाज कमावलेला हाय. पण ट्रकला रिव्हर्स असतो, पंख नसतात. बसा खाली.”

रुग्णालयात मनमाडहून दाजी आणि ताईच्या सासूबाई आधीच पोचले होते. एक्सरे झाला. बालशल्यचिकित्सक बाई आल्या, वयाने माझ्यापेक्षा फार तर दहा वर्षांनी मोठ्या. त्यांनी माझ्याच हातातलं पत्रक घेऊन त्यावर चित्र काढलं. छाती आणि पोट यांच्यामध्ये एक पडदा असतो. हिच्या पडद्याला डाव्या बाजूला पोटात असतानाच भोक राहिलं. त्यातून जठर आणि आतडी वर छातीत गेली. तिथे डाव्या फुफ्फुसाला वाढायला जागाच मिळाली नाही, हृदय उजवीकडे ढकललं गेलं.

“हृदयाला भोक आहे का?” दाजींनी विचारलं.

“नाही. पडद्याला.”

“मग शिवून टाका ना,” मी म्हटलं. “आत्ता शिवा. वाट कसली बघताय?”

“तिच्या फुफ्फुसांतला रक्ताचा दाब फार वाढलाय. आज उघडलं तर टेबलावर जाईल. तो उतरेपर्यंत थांबायचं. दोन दिवस, पाच दिवस, माहीत नाही.”

मला हे पचेना. आजवर मी ज्या-ज्या कचेरीत गेले तिथे ‘थांबा’ म्हणजे ‘नाही’ असाच अर्थ निघाला होता. मी म्हणाले, लेखी द्या. त्या म्हणाल्या, देते. आणि खरंच दिलं. त्यामुळे तर मी आणखीच गोंधळले. आमच्या शिकवणीत लेखी कोणी सहजासहजी देत नाही.

मग मी मास्कचं विचारलं. मास्कने दाबलेली हवा फुफ्फुसाबरोबर जठरातही जाते, त्या म्हणाल्या. आणि हिचं जठर छातीत आहे. ते फुगलं की फुफ्फुस अजून दबतं. अशा बाळाला मास्क लावायचा नसतो, लगेच नळी घालायची आणि दुसऱ्या नळीने पोटातली हवा काढून घ्यायची.

“म्हणजे त्या डॉक्टरनेच—”

“त्यांना माहीत असतं तर. निळ्या बाळाला मास्क लावणं हेच सगळ्यांना शिकवलेलं असतं.” मग त्यांनी दाजींकडे हात पुढे केला. “पाचव्या महिन्यातली सोनोग्राफी कुठे आहे? त्यात हे बहुतेक वेळा दिसतं.”

दाजी माझ्याकडे बघायला लागले. सासूबाई तर आधीपासूनच बघत होत्या.

ती सोनोग्राफी झालीच नव्हती. मीच होऊ दिली नव्हती.

ताईला पहिली मुलगी. दुसऱ्या खेपेला पाचवा लागला तेव्हा तिचा फोन आला, “सासूबाई म्हणतात नाशिकला जाऊन सोनोग्राफी करून येऊ.” मी दोन वर्षं गर्भलिंगनिदानाविरुद्ध गावोगाव पत्रकं वाटत होते. ‘सोनोग्राफीचा आग्रह कोण धरतंय ते बघा’ हे वाक्य माझं, मोठ्या टाइपात छापलेलं. मी ताईला म्हटलं, “पाचव्यातच का? मनमाड सोडून नाशिकच का? पहिली मुलगी आहे म्हणून ना? तुला कळत कसं नाही?” ती हसली. “तुला तर आमचं मांजर दूध प्यायलं तरी कट दिसतो.” पण ऐकलं तिने. नाही म्हणाली. घरात भांडण पेटलं, आणि सहाव्या महिन्यात मी स्वतः मनमाडला जाऊन तिला एसटीने माहेरी आणली. सोडवून आणली, असं मी मैत्रिणींना सांगितलं होतं.

रुग्णालयाच्या बाकावर सासूबाई माझ्या शेजारी येऊन बसल्या. मला वाटलं, आता तोंडसुख घेतील. त्यांनी पदराच्या गाठीतून एक चिठ्ठी काढली. सरकारी दवाखान्याची. चौथ्या महिन्यात ताईला तपासलेल्या डॉक्टरने यांच्याच हातात दिलेली, पाचव्यात नाशिकला सोनोग्राफी करून घ्या म्हणून.

“ही का नाही दाखवलीत?” मी विचारलं.

“कोनाला दाखवू? तू फोनवर मला खुनी म्हनलीस. खुन्यानं चिठ्ठी दाखवायची असती का?”

मी सरळ विचारलं, “तुम्हाला नातू नको होता?”

“हवा व्हता की. हवा व्हता आन् पोर नीट हाय का ते बी बघायचं व्हतं. दोन्ही असतं मान्साला. तुमच्या कागदावर नसतंय ते.”

आजही मला ठरवता येत नाही. डॉक्टरने खुणेने मुलगी सांगितली असती, तर या बाईने काय केलं असतं? ज्या बाईने नातीसाठी त्या सगळ्या रात्री रुग्णालयाच्या फरशीवर काढल्या, नर्सला “पोरगी चिवट हाय, मी वळखते” असं रोज ऐकवलं, तीच ही. आणि भांडणात ताईला “तुला मुलगा व्हायचाच नाय” म्हणालेलीही हीच. मी दोन रकाने करून बघितले. कुठल्याच रकान्यात त्या बसेनात.

तिसऱ्या दिवशी मी डॉक्टरबाईंना गाठलं. “सोनोग्राफी झाली असती तर वाचली असती का?”

“अजून गेली कुठे आहे?”

“म्हणजे फरक पडला असता का?”

“फुफ्फुस एवढंच राहिलं असतं. पण ती इथे जन्मली असती, पहिल्या मिनिटाला नळी पडली असती, तो प्रवास झाला नसता. किती फरक पडला असता ते मी नाही सांगू शकत. कोणीच नाही सांगू शकणार.”

मी लिहिलेला कागद पुन्हा काढला. मंगळवार, अकरा दहा. ते खोडलं. त्याच्या जागी ताईच्या फोनची वेळ लिहावी असं वाटलं, पण तो दुपारी आला होता की संध्याकाळी, तेच आठवेना. आईला फोन करून विचारलं तर म्हणाली, “तू जेवत व्हतीस. घास तोंडात ठेवूनच वरडत व्हतीस.”

सहाव्या दिवशी ऑपरेशन झालं. आतडी, जठर, प्लीहा, सगळं खाली आणून पडदा शिवला. चाळीस-एक दिवस ती तिथेच होती. त्या काळात बाजूच्या पेटीतलं याच आजाराचं एक बाळ गेलं. त्याची सोनोग्राफी वेळेवर झाली होती, जन्मही तिथेच झाला होता. म्हणजे मला धरायला काहीच उरलं नाही, ना दोष, ना सुटका.

माझी भाची आता दहा महिन्यांची आहे. दूध प्यायला दुप्पट वेळ लावते, रडली की छाती भात्यासारखी हलते, आणि दर तपासणीला पुढचं कोणी छातीठोक सांगत नाही. मी ताईची माफी मागितली तेव्हा ती म्हणाली, “तू सांगितलंस, मी ऐकलं. दोघींची अक्कल सारखीच. आता हिला धर, मला भाकरी टाकू दे.”

मुलगी असेल म्हणून पोटातच मारणारे लोक आहेत, आणि पैसे घेऊन त्यांना सांगणारे डॉक्टरही आहेत. माझा राग खोटा नव्हता. पण तेच मशीन, तोच महिना, आणि मी दार सरसकट बंद केलं. हे दोन्ही एका पानावर कसं मांडायचं ते मला अजून जमलेलं नाही. म्हणून मांडत बसत नाही, सरळ मागते.

तुमच्या घरात, गल्लीत कोणाला पाचवा लागला असेल, तर या आठवड्यात तिला सोनोग्राफीला घेऊन जा. मुलगा की मुलगी हे विचारू नका, कोणी सांगू लागलं तर तिथेच भांडा. पडदा, फुफ्फुसं, हृदय जागेवर आहेत का ते विचारा. आणि रिपोर्ट तिच्याच हातात द्या. ती माहेरी जाईल तेव्हा तो तिच्याबरोबर जाऊ द्या. उठा, आणि जाऊन तिला कितवा महिना आहे ते विचारा.