हिरोची बहीण मागे बघते

अंधेरीच्या त्या ऑफिसात आम्ही पाच जण एक क्राइम सिरीज लिहायचो. चार पुरुष आणि मी. प्रत्येक भाग पक्का करण्याआधी सगळ्यांनी मिळून मोठ्याने वाचायची पद्धत होती. पोलीस, गुंड, आमदार हे चौघे आपसात वाटून घ्यायचे आणि बायकांची सगळी वाक्यं माझ्याकडे यायची. आई, बायको, बहीण, सगळ्या मीच. तरी अख्खा दिवस वाचून माझा घसा कधी कोरडा पडला नाही, यावरून काय ते समजा.

त्या आठवड्यात मी घाबरलेली होते. सलग तीन संध्याकाळी घाटकोपरला मेट्रोतून उतरल्यावर एक माणूस आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत माझ्या मागून आला होता. बोलला काही नव्हता, जवळही आला नव्हता. मी कुणालाच सांगितलं नव्हतं. आईला कळलं असतं तर तिने नोकरीच सोडायला लावली असती.

चौथ्या दिवशी पाचवा भाग वाचायला घेतला. हिरोची बहीण कामावरून घरी निघते. दोन्ही कानांत इयरफोन, ओठांवर गाणं, मागे खुनी. ती मरते आणि हिरो पेटून उठतो. मला आधी गुणगुणायचं होतं, मग किंचाळायचं. मी पानं खाली ठेवली.

"ती मागे बघेल," मी म्हणाले.

"बघितलं तर मरेल कशी? स्टोरीची वाट लागेल ना," आमचा हेड रायटर म्हणाला.

माझं डोकंच सटकलं. "अरे, कुठली मुलगी अशी चालते रे?" म्हणत मुली काय काय करतात ते सगळं मी सांगून टाकलं. इयरफोन एकाच कानात, तोही गाणं बंद करून. फोन न लावताच 'हां बाबा, खाली या, पोचलेच' असं मोठ्याने बोलायचं. माझे बाबा जाऊन सहा वर्षं झाली, पण त्या रस्त्यावर मला न्यायला रोज येतात. मेडिकलमध्ये शिरून उगाच खोकल्याच्या गोळ्या मागायच्या. तरीही मागचा माणूस हटला नाही तर भलत्याच बिल्डिंगमध्ये जाऊन तिसऱ्या मजल्यापर्यंत चढायचं. आणि घरात शिरल्या शिरल्या दिवा लावायचा नाही, कारण कुठली खिडकी उजळली ते रस्त्यावरून दिसतं.

"तुला कसं गं एवढं माहीत?" हेड रायटरने विचारलं.

"सगळ्यांनाच माहीत असतं."

तो भराभर लिहून घेत होता. "झकास यार!" म्हणाला. खोटं कशाला बोलू, मी फुशारले.

पुढच्या आठवड्यात नवा मसुदा आला. बहीण आता मागे बघत होती, तिची चांगली बारा पानं झाली होती. पण खुनीही हुशार झाला होता. ती खोटा फोन करते तेव्हा तो हसतो. मेडिकलबाहेर पानवाल्याशी गप्पा मारत थांबतो. ती भलत्या बिल्डिंगमध्ये शिरते, तर तो खाली निवांत उभा, ती उतरणार हे त्याला ठाऊक असतं. शेवटी तो खिडक्यांकडे बघतो आणि उजळलेल्या सोडून जी एकच अंधारी राहते, तिचा मजला मोजतो.

"आता बघ, कसला डेंजर वाटतो तो," हेड रायटर खूश होऊन म्हणाला.

हे काढा, असं तेव्हाच म्हणायला हवं होतं. पण म्हणाले नाही. लेखकांत माझं नाव पहिल्यांदाच येणार होतं. मी सगळं वाचलं, शेवटी किंचाळलेही. चौघांनी टाळ्या वाजवल्या.

माझ्या मागे येणारा माणूस दरम्यान दिसेनासा झाला होता. काही महिन्यांनी सिरीज आली. पाचवा भाग सर्वांत जास्त गाजला. बहिणीबद्दल कुणी बोललं नाही, जो तो खुन्याच्या डोक्याची तारीफ करत होता. आमच्या बिल्डिंगमधल्या पोरांना तर त्याच्या युक्त्या पाठ झाल्या होत्या.

मग एका संध्याकाळी, सातच वाजले असतील, मेट्रोच्या जिन्यापासून कुणीतरी मागे आहे असं वाटलं. तोच की दुसरा, कळलं नाही. सवयीने मी फोन कानाला लावला, तोंड उघडलं, आणि मनात आलं, याने पाचवा भाग बघितला असेल तर? मेडिकल समोरच होतं. तिकडे पाय वळेना. आता कुठे जायचं, हेच मला सुचेना.