चर्चशेजारची गल्ली

आधीच सांगते, मला मोटारी आवडत नाहीत. मोटारींबद्दल बोलणारे मराठी पुरुष तर त्याहून नाहीत. लंडनला आमच्याकडे कुणीही आलं, बर्मिंगहॅमहून असो की लंडनमधल्याच ईलिंगहून, की दारात "या, बसा" नाही, "पाणी घेणार?" नाही. "कसे आलात? कुठला मोटरवे, M40 की M1?" मग बूट काढता काढता रोडवर्क्स आणि स्पीड कॅमेरे. पोहे थंड होईस्तोवर हेच. पोहे बायकांनी केलेले असतात, हेही नोंदवून ठेवते.

आमच्या घरामागून मोटरवेला जाणारा रस्ता रुंद करायचा घाट कौन्सिलने घातला, त्यात आईचा बस स्टॉप जाणार होता. आई हॉस्पिटलमध्ये कामाला. गाडी चालवत नाही. पुढचा स्टॉप तिच्या गुडघ्यांच्या हिशेबाने स्कॉटलंडमध्ये. मी पत्रक काढलं, 'रस्ता कुणाच्या बापाचा?' असा मथळा देऊन. हरकतींची मुदत सोमवारी संपत होती. शनिवारी बाबांचे सहा मित्र जेवायला आले, तेव्हा प्रत्येकाच्या ताटाशेजारी हरकतीचा एकेक फॉर्म ठेवला.

"होऊ दे की रुंद," एक काका म्हणाले. "पाच मिनिटं वाचतील."

"तुमची पाच वाचवायला आई वीस मिनिटं चालणार, काका."

"अगं, बाबा सोडतील ना तिला."

बाबा वरणात बघू लागले. आई म्हणाली, "सोडतील की. सकाळी सहाला उठले तर."

मी हवामानबदलावर बोलणार, तेवढ्यात बर्मिंगहॅमच्या काकांनी चष्मा लावून फॉर्ममागचा नकाशा पाहिला.

"ही चर्चशेजारची गल्ली बंद करणार?"

"हो. स्टॉप तिच्या तोंडाशीच आहे. दोन्ही जाणार."

"बंद म्हणजे पूर्ण बंद?"

मग सगळ्यांनी पेनं मागितली. बाबांनीही.

फॉर्मवर अट होती, आपण स्वतः कुठला रस्ता का वापरतो ते लिहायचं. दहावीच्या पेपरात शेजाऱ्यापासून उत्तर लपवावं तसे सात प्रौढ पुरुष डावा हात आडवा धरून लिहीत होते. "तू काय लिहिलंस?" "असंच, जनरल." एकजण फॉर्म घेऊन टॉयलेटमध्ये गेला.

पाहुणे गेल्यावर मी ते वाचले. सातही जणांनी एकच लिहिलं होतं: राउंडअबाउटची रांग टाळायला मी चर्चशेजारच्या गल्लीतून जातो, हा रस्ता फारसा कुणाला माहीत नाही. गेली कित्येक वर्षं "M40 ने सरळ" सांगणारे माझे बाबाही त्यात. बस स्टॉपबद्दल अक्षर नाही. पृथ्वीबद्दल तर नाहीच. असल्या पाठिंब्यावर लढा द्यायचा नाही, असं मी ठरवलं. मग आई जिन्यावरून कठडा धरत एकेक पायरी खाली आली, आणि मी सगळे फॉर्म पाठवून दिले.

गल्ली वाचली, म्हणून स्टॉप वाचला. पण कौन्सिलने सगळ्या हरकती, नावं झाकून, वेबसाइटवर टाकल्या. तिसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, "निदान 'चर्चशेजारची' एवढं तरी खोडायचंस."

पुढच्या वेळी मंडळी जमली तेव्हा मी कान टवकारून बसले होते.

"कसे आलात?"

"M40 ने. सरळ."

"सरळच बरं पडतं," बाबा म्हणाले.

तेवढ्यात आई कामावरून आली. कोट काढत म्हणाली, "मी स्टॉपवर उतरले आणि तुम्ही तिघं एकामागे एक गल्लीत वळलात. मी हात केला. एकानेही पाहिलं नाही."

"दुसरं कुणी असेल, वहिनी."

"असेल हो," आई म्हणाली. "तिघांच्याही मागच्या काचेवर गणपती होता."