अँबेसिडरच्या धुराला भज्यांचा वास

आमच्या गजूचं लग्न भज्यांवरून मोडता मोडता राहिलं, आणि त्या लग्नाच्या बेतात भजी नव्हतीच.

गजू म्हणजे माझ्या मोठ्या दिरांचा मुलगा. पण खरी सुरुवात झाली अँबेसिडरपासून. गाडी माझ्या सासऱ्यांची. ते गेल्यावर कैक वर्षं ती मोताळ्याला आमच्या अंगणात ताडपत्रीखाली पडून होती. मागच्या सीटवर कोंबड्यांच्या तीन पिढ्या नांदल्या. मग एके दिवशी आमच्या यांच्या मनानं घेतलं, गजूची वरात याच गाडीतून काढायची! सलीमभाई मिस्त्रींनी अख्खं इंजिन उतरवलं, पिस्टनला नव्या रिंगा घालून पुन्हा बांधलं, आणि गाडी ताब्यात देताना बजावलं,

"भाऊ, नवं बांधलेलं इंजिन हाये. रिंगा बसेपरेंत थोडं तेल खाईनच. ते नॉर्मल हाये, घाबरू नका."

हे लगेच घाबरले.

रोज सकाळी दात घासायच्या आधी बॉनेट उघडायचं, तेल मोजायची पट्टी उपसायची, ती पुसायची (दोरीवर वाळत घातलेल्या माझ्या परकराला!) आणि थर्मामीटरसारखी डोळ्यांजवळ धरायची.

"अवं, केसभर उतरलं व!"

की लागलीच सलीमभाईंना फोन. पहिल्या दिवशी ते म्हणाले, "नॉर्मल हाये." दुसऱ्या दिवशी, "नॉर्मल हाये, भाऊ." पाचव्या दिवशी त्यांच्या बायकोनं फोन उचलला आणि न विचारताच सांगितलं, "नॉर्मल हाये!"

पण यांचं जेवण तुटलं. मला दया आली. (मी शाळेत विज्ञान शिकवते. हे कृपा करून विसरू नका, पुढे लाजायला उपयोगी पडेल.) मी ठरवलं, हे उठायच्या आत आपणच गुपचूप तेल टाकायचं. न्हाणीघराच्या फळीवर इंजिन ऑइलचा पिवळा कॅन होताच. रोज पहाटे त्यातलं थोडंसं ओतायचं, झाकण लावायचं आणि साळसूदपणे चहा टाकायचा.

आठवड्याभरात माणूस फुलला! "एक थेंब पीत नाही गाडी!" तहसील कचेरीत हे कारकून, पण कामापेक्षा इंजिनाचीच वार्ता जास्त. सलीमभाईंना फोन गेला, "मिस्त्री, तुमच्या हातात जादू हाये!"

सलीमभाई म्हणाले, "असं होत नाही भाऊ. तेल न खानारं इंजिन म्या अजून पाह्यलं नाही."

"जळते तो!" फोन ठेवून हे म्हणाले.

मग एका रविवारी बुलढाण्याला जाताना घाटात यांनी नाक वर केलं. "अवं, कोनीतरी भजे तळून राह्यलं."

आजूबाजूला माकडांशिवाय कोणी नव्हतं. तरी गाडी थांबवून हे पुढच्या वळणापर्यंत पायी जाऊन आले. त्यानंतर गाडीत बसलं की आम्हाला हटकून भूक लागायची. इकडे सासूबाई कुरकुरायला लागल्या, "सूनबाई, तेल लय लागून राह्यलं बा औंदा. भाजी पोहाले सोडतं काय?" मला रागच आला. मी फोडणीत तेल निम्म्यावर आणलं. भाजी करपू लागली, पण तेल काही पुरेना!

लग्न रोहिणखेडला होतं. गाडीला झेंडूच्या माळा, आत फेटा बांधलेला गजू, पुढे बँड. मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत तासभर गाडी पहिल्या गियरमध्ये मुंगीच्या चालीनं चालली. मागून निळा धूर! आणि धुराबरोबर तो वास. नाचणारे नाचायचे थांबून हुंगायला लागले.

"वा रे वा, भजे हायेत आज!" गजूचे मामा ओरडले, आणि वरातीला वेग आला.

मांडवाशी पोचताच मामा थेट आचाऱ्याकडे गेले. तिथे वरण होतं, वांग्याची भाजी होती, बुंदी होती. भज्यांची कढई नव्हती. मामांनी पातेल्यांची झाकणं उचलली, मग कनाती उचलल्या, आणि लालबुंद होऊन परत आले.

"वास गावभर येऊन राह्यला, अन् कढई लपून ठेवली! तुमच्या लोकाईले भजे, अन् आमाले बुंदी?"

नवरीच्या वडिलांनी हात जोडले. "देवाशपथ मामा, बेसन भिजोलंच नाही!"

"मंग आमी काय खोटं बोलतो? भजे निघत नाहीत तवरीक नवरदेव गाडीतून उतरनार नाही!"

मामांनी फेटा काढून बॉनेटवर ठेवला. नवरीच्या आईनं डोळ्याला पदर लावला. गजू काचेतून बिचारा कधी मामांकडे, कधी मांडवाकडे बघत होता. मुहूर्त टळायला आला.

तेवढ्यात सलीमभाई पुढे झाले. ते आमच्याकडचे पाहुणे. त्यांनी वाकून सायलेन्सर हुंगला, मामांचा फेटा बाजूला ठेवून बॉनेट उघडलं, पट्टी उपसली, बोटानं तेल चोळलं आणि चक्क जिभेला लावलं.

"भाऊ," ते गंभीरपणे म्हणाले, "हे फल्लीचं गोडं तेल हाये."

बँडवाल्याचा ताशा थांबला. दोनशे माणसांसमोर मला कबूल करावं लागलं. सासूबाईंनी कपाळावर हात मारला, "तो पिवळा कॅन? अवं बाई! त्यातलं ऑइल सरलं होतं, म्हून म्या सोड्यानं धुऊन घाण्याचं तेल भरलं, अन् त्यातूनच सैपाकाची बरनी भरत होती. एवढा चांगला डबा फेकाचा काय?"

(म्हणजे महिनाभर त्याच कॅनमधलं आम्हीही खात होतो! पण खरं सांगते, त्या महिन्यात घरात कोणाचे गुडघे दुखले नाहीत.)

आधी नवरीचे वडील हसले, मग मामा, मग सगळा मांडव. हे तेवढे हसले नाहीत. महिनाभराच्या बढाया त्यांच्या चेहऱ्यावरून एकेक करून उतरताना मला दिसत होत्या. अक्षता वेळेवर पडल्या, आणि मामांच्या समाधानासाठी खरंच भजी तळली गेली.

दुसऱ्या दिवशी सलीमभाईंनी इंजिन दोनदा धुतलं आणि नवं ऑइल भरलं. गाडी एका चावीत सुरू झाली. मला जरा धीर आला.

"पाहा सलीमभाई, काही बिघडलं नाही ना? टिकलं की इंजिन!"

"टिकनच भाभी," हात पुसत सलीमभाई म्हणाले. "तुमच्या हातचं खाऊन भाऊ पंचवीस वर्षं टिकले. हे तर लोखंडाचं हाये."