बिबट्याची ओळ

आमच्या शाळेत सकाळच्या प्रार्थनेला एवढी पोरं असतात, की शेवटच्या रांगेचं 'आमेन' निगडीच्या डेपोत ऐकू जातं आणि तिथला कंडक्टर डबल बेल मारून गाडी सोडतो. खोटं वाटत असेल तर वाटू द्या. मी तिथला मराठीचा मास्तर, आणि थापाड्या म्हणून माझं नाव पार चऱ्होलीपर्यंत पोचलेलं. म्हणूनच सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेत शाळेचा इतिहास लिहायचं काम मुख्याध्यापक फादरांनी माझ्या गळ्यात घातलं.

मी सुटलोच. पहिले फादर सायकलवर आले होते. मी ती सायकल बैलाएवढी केली. पत्र्याच्या शेडमधला पहिला वर्ग असा तापायचा, की बाकावर भाकरी भाजून निघे. त्याच वर्गात एकदा बिबट्या शिरला आणि सिस्टरांनी छडी दाखवताच शेवटच्या बाकावर मुकाट जाऊन बसला, असंही ठोकून दिलं.

तेवढ्यात घंटेचे मामा घरी आले. शाळा निघाली तेव्हापासून घंटा देणारे, गावातलेच शिपाई. आता निवृत्त. अख्खं आयुष्य शाळेत गेलं, पण वाचता येत नाही.

"सर, समदं लिवताय न्हवं? मग माझ्या थोरल्या भावाचंबी लिवा. येकच वळ."

भावाची गोष्ट शाळेतल्या सगळ्या जुन्यांना ठाऊक होती. शेडमधल्या पोरांना पाणी नव्हतं, म्हणून विहीर खणायला घेतली. एका दुपारी कडा ढासळला आणि भाऊ खाली गाडला गेला. तीन दिवस उकरलं. जेवढं उकरावं तेवढं ढासळे. शेवटी होती तशी बुजवली. तिच्यावर आज बास्केटबॉलचं कोर्ट आहे. दर नोव्हेंबरात, मृतांच्या स्मरणदिनी, वारलेल्या फादर-सिस्टरांची, शिक्षकांची नावं माइकवर वाचतात. मामा घंटेची दोरी धरून शेवटच्या नावापर्यंत ऐकायचे. मग पहिल्या तासाची घंटा द्यायचे.

मी ओळ लिहिली. आयुष्यात पहिल्यांदा एकही थाप न मारता.

फादरांनी मसुदा वाचला. "सर, त्या कोर्टवर पोरं उड्या मारतात. पालकांनी हे वाचलं तर? सणासुदीला असलं नको." ओळीवर काट मारली. मग हसले. "बिबट्या मात्र झकास जमलाय हं."

"बरं, फादर," म्हणालो. एवढंच.

स्मरणिका वाटली त्याच दिवशी मामांनी नातीला पाठवून मला बोलावून घेतलं. नात माझ्याच वर्गात, नववीत. घरात भावाचा फोटो नव्हता. कोणी काढलाच नव्हता. कोपऱ्यात त्याची पहार उभी, तिला कुंकू लावलेलं.

"वाच बाय," मामा म्हणाले. "थोरल्या आबाचं वाच."

पोरीनं पानं चाळली. पुन्हा चाळली. माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या तारखा वाचत राहिलो. मग ती वाचायला लागली, हुबेहूब माझ्या थाटात.

"शाळेच्या लेकरांना पाणी मिळावं म्हणून गावातल्या एका तरण्या माणसानं इथं जीव दिला. ही शाळा त्याच्या छातीवर उभी आहे."

मामांची मान हलली. "कुठं हाय त्ये? माझं बोट ठिव त्यावर."

तिनं मामांचं बोट धरलं आणि बिबट्याच्या ओळीवर ठेवलं. मामांनी पहारीचं कुंकू चिमटीत घेऊन त्या ओळीला लावलं, पान पहारीला टेकवलं, मला हात जोडले. "सर, लई झालं."

पोरगी दारापर्यंत सोडायला आली.

"सर, आई सहाला शिफ्टवरून येते," ती हळूच म्हणाली. "तिला वाचता येतं. काय सांगू?"

मी चपला शोधायला लागलो. त्या पायातच होत्या.